जोकरचा खरा भूतकाळ कोणता?

प्रश्न : ‘द किलिंग जोक’ हे ग्राफिक नॉव्हेल नुकतंच वाचलं. नाव बॅटमनचं, पण सगळी पानं जोकरने व्यापलेली. तो आधी एक साधा, गरीब, बायकोवर जीव असलेला माणूस होता असं त्यात दाखवलं आहे. मग शेवटाकडे तोच म्हणतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी एक आठवतो, कधी दुसराच. मग ती कहाणी खरी मानायची की खोटी? आणि खरी मानली, तर इतक्या क्रूर माणसाबद्दल आपल्याला कणव वाटावी अशी लेखकाची अपेक्षा आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखकाने मुद्दाम दिलेलं नाही आणि ते हातचं राखण्यातच या पुस्तकाची ताकद आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुस्तकात स्पष्ट आहे. ते पोलीस कमिशनर गॉर्डनच्या वागण्यात आहे. जोकर इतका मोठ्याने हसत असतो की पुष्कळ वाचकांचं गॉर्डनकडे लक्षच जात नाही.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ‘बॅटमन : द किलिंग जोक’ १९८८ साली अमेरिकेत डीसी कॉमिक्सने प्रसिद्ध केलं. लेखन ॲलन मूर यांचं, चित्रं ब्रायन बोलंड यांची, रंग जॉन हिगिन्स यांचे. तिघेही ब्रिटिश. मूर यांचं नाव ‘वॉचमेन’मुळे गाजलेलं होतं, तर बोलंड ‘जज ड्रेड’च्या रेखीव, बारीक कामासाठी ओळखले जात. पुस्तकाची मूळ इच्छा बोलंड यांची. डीसीचे संपादक डिक जिओर्दानो यांनी त्यांना तुम्हाला काय काढायला आवडेल असं विचारलं, तेव्हा त्यांनी बॅटमन आणि जोकरची कथा मागितली आणि लेखक म्हणून मूर हवेत असं सांगितलं. पुस्तक जेमतेम ४८ पानांचं. तासाभराच्या आत वाचून संपतं आणि मग कित्येक दिवस डोक्यातून जात नाही.

जोकर आर्कम या वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला आहे. कोठडीत त्याच्या जागी चेहरा रंगवलेला दुसराच कुणी पत्ते लावत बसला आहे. बाहेर जोकर एक मोडकळीला आलेलं अम्यूझमेंट पार्क बळकावतो. मग गॉर्डनच्या घरी जातो. दार उघडणाऱ्या बार्बरावर, गॉर्डनच्या मुलीवर, गोळी झाडतो आणि ती तिच्या पाठीच्या कण्यात जाते. गॉर्डनला उचलून पार्कमध्ये नेतो, त्याचे कपडे उतरवतो, भुताच्या गाडीत बसवतो आणि रक्तात पडलेल्या मुलीचे फोटो मोठमोठ्या पडद्यांवर त्याला बघायला लावतो. हे सगळं एका सिद्धान्तासाठी चाललेलं आहे. कुठल्याही शहाण्यासुरत्या माणसाला वेडा करायला एक वाईट दिवस पुरतो, असं जोकरचं म्हणणं आहे आणि गॉर्डनवर त्याला ते सिद्ध करून दाखवायचं आहे.

या घटनांच्या मधेमधे दुसरी कहाणी येते, तुम्ही विचारलेली. एक तरुण केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून विनोदवीर व्हायला निघाला आहे. स्टेजवर कुणी हसत नाही. बायको गरोदर, घरात पैसा नाही. तो दोन चोरांना त्याच कारखान्यातून शेजारच्या पत्त्यांच्या कंपनीत जायची वाट दाखवायला कबूल होतो. चोरीच्या दिवशीच पोलीस येऊन सांगतात की त्याची बायको घरातल्या अपघातात गेली. बाळाची बाटली गरम करायचं उपकरण बिघडलं. आता त्याला पैसा कुणासाठी हवा? पण चोर त्याला सोडत नाहीत. त्याच्या डोक्यावर लाल घुमटासारखं शिरस्त्राण चढवून त्याला पुढे घालतात. पहारेकरी, गोळीबार, अंधारातून आलेला बॅटमन. घाबरून तो रसायनं सोडलेल्या पाण्यात उडी टाकतो. बाहेर येऊन डबक्यात स्वतःचा चेहरा पाहतो, तर कातडी पांढरी, केस हिरवे, ओठ लालभडक. आणि तो हसायला लागतो.

आता ही कहाणी खरी का? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, कारण जोकरला भूतकाळ असावा ही कल्पनाच मुळात नंतरची आहे.

१९४० साली ‘बॅटमन’च्या पहिल्याच अंकात जोकर अवतरला. रेडिओवरून तो आधी जाहीर करायचा की अमुक माणूस मध्यरात्री मरेल, आणि तो माणूस पोलिसांच्या पहाऱ्यात चेहऱ्यावर भेसूर हसू घेऊन मरायचा. हा कोण, कुठला, असा का, याबद्दल एक अक्षर नव्हतं. पत्त्यांच्या जोडातून एक पान बाहेर पडावं तसा तो कुठूनतरी आला होता. त्याच अंकात त्याला संपवायचंही ठरलेलं होतं. स्वतःचाच सुरा लागून तो मरतो असा शेवट रचला गेला होता. पण एवढं चांगलं पात्र वाया घालवू नये असं संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटलं आणि शेवटी एक चौकट घालून त्याला जिवंत ठेवण्यात आलं.

त्याला जन्माला कुणी घातलं यावरही एकमत नाही, आणि मला हे फार बोलकं वाटतं. बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. रॉबिन्सन म्हणत की आपण पत्त्यातल्या जोकरचं चित्र घेऊन गेलो आणि तिथून सुरुवात झाली. केन यांच्या मते सुरुवात एका फोटोपासून झाली. तो फोटो ‘द मॅन हू लाफ्स’ या १९२८च्या मूकपटातल्या कॉनराड फाइट या जर्मन नटाचा. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९मधल्या कादंबरीवरून तो चित्रपट झाला होता. त्यातल्या नायकाचा चेहरा लहानपणीच असा विद्रूप केलेला असतो की तो जन्मभर हसतच राहिलेला दिसतो. तो चेहरा आणि जोकरचा चेहरा शेजारी ठेवून पाहा, नातं लगेच लक्षात येतं. विशेष म्हणजे ह्यूगोचा तो माणूस मनाने सज्जन आहे. जगाने त्याच्यावर जो अन्याय केला तो चेहऱ्यावर वागवत तो जगतो. पुढे मूर यांनी जोकरच्या भूतकाळात जे दुःख घातलं, त्याचं बीज त्याच्या चेहऱ्याच्या उगमातच होतं असं म्हणायला जागा आहे.

पहिला भूतकाळ मिळायला १९५१ साल उजाडलं. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या १६८व्या अंकात बिल फिंगर यांनी लिहिलं की जोकर पूर्वी ‘रेड हूड’ नावाचा लाल शिरस्त्राण घालणारा चोर होता. पत्त्यांच्या कंपनीत चोरी करताना बॅटमन मागे लागला, त्याने रसायनांच्या पाण्यातून पोहत पळ काढला आणि चेहरा कायमचा बदलला. म्हणजे कारखाना, लाल शिरस्त्राण, रसायनं हे सगळं आधीपासून होतं. मात्र १९५१चा तो माणूस मुळातच चोर होता, पैशासाठी चोरी करत होता. मूर यांनी त्यात गरोदर बायको घातली, फसलेला विनोदवीर घातला, थकलेलं भाडं घातलं. पूर्वी जो चोर होता तो आता परिस्थितीने ढकललेला माणूस झाला. तुम्हाला वाटलेली कणव या भरीतून आलेली आहे.

मधली वीस वर्षं मी थोडक्यात आटोपतो. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गदारोळ उठला, प्रकाशकांनी स्वतःवर निर्बंध घालून घेतले, आणि खुनी जोकर निरुपद्रवी विदूषक होऊन बसला. १९६६च्या टीव्ही मालिकेत सीझर रोमेरो या नटाने भूमिकेसाठी मिशी काढायला नकार दिला, तर त्या मिशीवरूनच पांढरा रंग फासला गेला. १९७३ साली डेनिस ओ’नील आणि नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. ‘द किलिंग जोक’ या परत आलेल्या जोकरच्या वाटेवरचं पुस्तक आहे.

तर आता मूळ मुद्दा. मूर-बोलंड यांनी भूतकाळ कसा मांडला आहे ते नीट पाहा. त्या पानांवर निवेदक नाही. ‘फार वर्षांपूर्वी’ असं सांगणारी एकही ओळ नाही. वर्तमानातली एक चौकट संपते तेव्हा जोकर ज्या पवित्र्यात असतो, नेमक्या त्याच पवित्र्यात भूतकाळातला तो तरुण पुढच्या चौकटीत दिसतो. परत येतानाही तसंच. चित्रकाराने सांधा असा जोडला आहे की आपण भूतकाळात शिरतो ते जोकरच्या शरीरातून, त्याच्या नजरेतून. म्हणजे ती पानं ही त्याची आठवण आहे, किंवा आठवण म्हणून त्याने स्वतःशी रचलेली गोष्ट आहे. २००८ साली बोलंड यांनी पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं तेव्हा हे आणखी ठळक झालं. हिगिन्स यांच्या मूळ रंगांत जांभळा, हिरवा, नारिंगी असा भडकपणा सगळीकडे आहे. बोलंड यांच्या आवृत्तीत भूतकाळाची पानं जवळजवळ रंगहीन आहेत आणि त्यांत लाल-तांबूस वस्तू तेवढ्या उठून दिसतात. त्यांतलीच शेवटची वस्तू ते लाल शिरस्त्राण. आठवणीत सगळं पुसट होतं आणि एखादीच वस्तू डोळ्यांपुढे राहते, तसं.

कहाणीतला तपशीलही तपासा. बायको सहनशील, हसरी, नवऱ्यावर विश्वास ठेवणारी. अपघात नेमका त्याच दिवशी. गुन्हा करायची इच्छा मेलेली असताना गुन्हा करायची सक्ती. स्वतःच्या वाईट वागण्याचा दोष दुसरीकडे टाकू पाहणारा माणूस आपला भूतकाळ असाच आठवेल. एकही चूक आपली नाही, सगळं नशिबाने केलं. कहाणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. खरी असली तरी ती सांगणाऱ्याच्या सोयीची आहे, एवढं पुस्तकातूनच दिसतं. आणि म्हणूनच मूर त्याच्या तोंडी ते वाक्य घालतात, की भूतकाळ असायचाच तर आपल्याला अनेक पर्यायांतून निवडता येणारा हवा. आधी आपल्याला रडवायचं आणि मग त्या रडण्याचा पाया काढून घ्यायचा, हे धाडस मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं वाटतं.

पुढे ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटाने हाच धागा उचलला. त्यातला जोकर तोंडावरच्या जखमांची गोष्ट एकदा बापाच्या नावावर सांगतो, दुसऱ्यांदा बायकोच्या. ती भूमिका करणाऱ्या हीथ लेजर यांना तयारीसाठी हेच पुस्तक वाचायला देण्यात आलं होतं. टॉड फिलिप्स यांच्या ‘जोकर’ने (२०१९) पडेल विनोदवीराची कल्पना घेतली आणि तिथेही आठवण व भास यांची सरमिसळ ठेवली. दोन्ही भूमिकांना ऑस्कर मिळालं, लेजर यांना मरणोत्तर आणि वाकीन फीनिक्स यांना २०२० साली.

आता कणवेकडे येऊ. जोकरचा सिद्धान्त पुस्तकातच हरतो. बॅटमन गॉर्डनला सोडवतो तेव्हा हा माणूस उघडा, थरथरणारा, मुलीचे ते फोटो पाहून उद्ध्वस्त झालेला आहे. तरीही तो बॅटमनला सांगतो की जोकरला पकड, पण कायद्याने पकड, आपली रीत चालते हे त्याला दिसू दे. मनावर इतका मार खाऊन या माणसाने विवेक सोडलेला नाही. नंतर बॅटमन जोकरला तोंडावर ऐकवतो की गॉर्डन शाबूत आहे, तेव्हा कदाचित सगळी माणसं तुझ्यासारखी नसतील, कदाचित तो फक्त तूच असशील. जोकरचा एक वाईट दिवस, गॉर्डनची ही भयानक रात्र आणि ज्या रात्री लहानग्या ब्रूस वेनच्या, म्हणजे पुढे बॅटमन झालेल्या मुलाच्या, डोळ्यांदेखत आई-बाप मारले गेले ती रात्र, या तिन्ही गोष्टी मूर यांनी शेजारी ठेवल्या आहेत. तिघांपैकी खुनी एकच झाला. म्हणून, जोकर ज्या माणसातून झाला त्या माणसाबद्दल कणव वाटावी अशी लेखकाची अपेक्षा नक्की आहे. पण जोकरने जे निवडलं त्याला ही कणव माफी देत नाही.

आपल्या वाचकाला इथे ‘घाशीराम कोतवाल’ आठवल्याशिवाय राहणार नाही. विजय तेंडुलकरांच्या १९७२च्या नाटकात कनौजहून पोटासाठी आलेल्या ब्राह्मणावर पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो, मारहाण होते, तुरुंग घडतो, आणि त्या अपमानातून शहराला छळणारा कोतवाल तयार होतो. तोही एका वाईट दिवसाचाच माणूस. फरक असा की तेंडुलकर आपल्याला नाना फडणवीस दाखवतात. घाशीराम कुणी घडवला, कुणी वापरला आणि काम झाल्यावर जमावाच्या हाती कुणी दिला, हे नाटकात लख्ख दिसतं. जोकरच्या कहाणीत नाना नाही. आहे ते बिघडलेलं उपकरण आणि चुकलेली वेळ. सत्तेचा प्रश्न मूर यांनी ‘वॉचमेन’मध्ये आणि ‘व्ही फॉर व्हेंडेटा’मध्ये पुरेपूर विचारला आहे, या पुस्तकात मात्र नाही. या बाबतीत मला तेंडुलकरांचं नाटक अधिक खोल वाटतं. स्वतः मूर यांनीही पुढे मुलाखतींमधून हे पुस्तक आपलं चांगलं काम मानायला नकार दिला. बॅटमन आणि जोकर ही खऱ्या जगात कधी भेटणारी माणसं नव्हेत, तेव्हा त्यांच्यातलं साम्य दाखवून खऱ्या माणसाबद्दल काही कळत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. मला तो पूर्ण पटत नाही. गॉर्डनसारखी माणसं खऱ्या जगात भेटतात.

प्रश्न : याच पुस्तकात बार्बरावर गोळी झाडली जाते आणि मग ती गोष्टीतून जवळजवळ नाहीशीच होते. पुढे तिचं काय झालं? एवढ्या नावाजलेल्या पुस्तकाला हे कुणी विचारलं नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : विचारलं, आणि अजून विचारलं जातं. या पुस्तकाचा हाच खरा दोष आहे आणि तो लहान नाही.

बार्बरा गॉर्डन ही कुणी नवखी मुलगी नव्हती. १९६७ सालापासून ती बॅटगर्ल होती. दिवसा ग्रंथपाल, रात्री मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारी. टीव्ही मालिकेत इव्हॉन क्रेग यांनी तिला घराघरात नेलं होतं. ‘द किलिंग जोक’मध्ये ती कपात कोको घेऊन येते, बापाशी दोन शब्द बोलते, दार उघडते, आणि संपलं. जोकर तिला बॅटगर्ल म्हणून मारत नाही. ती बॅटगर्ल आहे हे त्याला ठाऊकच नाही. ती गॉर्डनची मुलगी आहे म्हणून तो तिला गोळी घालतो, म्हणजे तिच्या वेदनेचा उपयोग बापाला छळण्यापुरता. इस्पितळातल्या एका प्रसंगात ती बोलते तेही वडिलांच्या काळजीने. स्वतःच्या पायांबद्दल, स्वतःच्या पुढच्या आयुष्याबद्दल तिला काय वाटतं याला पुस्तकात जागा नाही. तीन पुरुषांच्या झगड्यात ती साधन होऊन जाते.

वर ‘घाशीराम’चा उल्लेख केला आहे, त्यातली घाशीरामची मुलगी ललितागौरी आठवा. तिचाही सौदा दोन पुरुषांमध्ये होतो आणि ती तर मरते. पण तेंडुलकरांच्या नाटकात तो सौदा हाच आरोप आहे, प्रेक्षकाला त्याची किळस यावी अशीच त्याची मांडणी आहे. मूर यांच्या पुस्तकात असा आरोप कुणावर होत नाही. पुस्तक जोकरला दोषी धरतं, मात्र बार्बराला असं वापरणाऱ्या स्वतःच्या रचनेकडे ते पाहत नाही.

१९९९ साली गेल सिमोन यांनी कॉमिक्समधल्या अशा स्त्रियांची यादी केली, ज्यांना नायकाची कथा पुढे सरकावी म्हणून मारलं, पंगू केलं किंवा त्यांची शक्ती काढून घेतली. त्या यादीत बार्बरा होती. पण त्याच्याही आधी दोन लेखकांना हे खुपलं होतं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या दांपत्याने १९८९च्या सुरुवातीला ‘सुसाइड स्क्वॉड’ या मालिकेत ‘ओरॅकल’ नावाचं एक पात्र आणलं. संगणकाच्या पडद्याआडून माहिती पुरवणारी, कुणी न पाहिलेली व्यक्ती. पुढे कळलं की ती बार्बरा आहे, व्हीलचेअरवर बसून साऱ्या नायकांना वाट दाखवणारी. तिचे पाय परत न देता, कुठलाही चमत्कार न करता त्यांनी तिला पूर्वीपेक्षा मोठं केलं. १९९६ पासून ‘बर्ड्स ऑफ प्रे’मध्ये ती मध्यवर्ती राहिली. अपंग वाचकांना ती फार जवळची वाटे. म्हणून २०११ साली डीसीने तिला पुन्हा चालतं करून बॅटगर्ल केलं तेव्हा पुष्कळांना दुःख झालं. त्या नव्या मालिकेचं लेखन गेल सिमोन यांच्याकडेच आलं होतं.

२०१५ साली ‘बॅटगर्ल’च्या एका अंकासाठी जोकरच्या हातात सापडलेल्या, रडणाऱ्या बार्बराचं विशेष मुखपृष्ठ तयार झालं. वाचकांनी विरोध केला आणि चित्रकार रफाएल अल्बुकर्क यांनी स्वतःच ते मागे घ्यावं अशी विनंती केली. डीसीने ते मागे घेतलं. २०१६च्या ॲनिमेशनपटात बार्बराला जागा द्यावी म्हणून सुरुवातीला तिची वेगळी कथा जोडली. ती जोडताना तिला बॅटमनच्या प्रेमात पाडलं, तेव्हा सुधारणेपेक्षा बिघाडच जास्त झाला.

माझं मत सांगायचं तर, ‘द किलिंग जोक’ वाचणाऱ्याने ओरॅकलच्या कथा वाचल्याच पाहिजेत. बार्बराचं पुस्तकात अर्धवट टाकलेलं आयुष्य तिथे पुरं झालं आहे.

प्रश्न : शेवटच्या पानावर बॅटमन जोकरला ठार मारतो असं माझा मित्र ठासून सांगतो. मला तर दोघं हसतानाच दिसले. बरोबर कोण?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्राला हा तर्क बहुधा ग्रँट मॉरिसन यांच्यामुळे मिळाला असावा. या स्कॉटिश लेखकाने २०१३ साली तो जाहीरपणे मांडला आणि तेव्हापासून वाद चालू आहे.

शेवटी काय घडतं? बॅटमन जोकरला मदत देऊ करतो, आपण दोघं मिळून यातून बाहेर पडू म्हणतो. जोकर क्षणभर खरोखर विचार करतो आणि आता उशीर झाला असं सांगतो. मग वेड्यांच्या इस्पितळातून पळू पाहणाऱ्या दोन वेड्यांचा, बॅटरीच्या उजेडाच्या झोतावरून पलीकडे जाण्याचा विनोद सांगतो. बॅटमनला हसू येतं. दोघं हसतात, बॅटमनचा हात जोकरच्या खांद्याकडे जातो, चित्र हळूहळू त्यांच्या पायांकडे, मग डबक्याकडे सरकतं. हसणं थांबतं. डबक्यातली उजेडाची रेघ विझते. उरतात पावसाचे थेंब. पहिली चौकटही हीच होती.

हसणं अचानक थांबतं एवढ्यावर मॉरिसन यांचा तर्क उभा आहे. चित्रात गळा दाबलेला कुठे दिसत नाही. डीसीच्या पुढच्या कथांमध्ये जोकर जिवंत आहे आणि बार्बराची दुखापतही तशीच धरलेली आहे, म्हणजे प्रकाशकाने हा खून कधी मानला नाही. मला यापेक्षा मोठं कारण गॉर्डन वाटतो. कायद्याने पकड, असं तो ज्या अवस्थेत सांगतो ते वाचल्यावर बॅटमनने दहा मिनिटांत जोकरचा गळा दाबला, तर जोकरचा सिद्धान्त खरा ठरतो आणि पुस्तकच उलटं होतं. ती विझणारी रेघ जोकरच्या विनोदातला झोत आहे. एकाने उजेडाचा पूल टाकला, दुसऱ्याने त्यावर पाय ठेवला नाही. त्या रात्री ही माणसं वाचू शकली असती, ती संधी गेली. तुम्ही पाहिलंत तेच बरोबर, दोघं हसतात.

प्रश्न : हे पुस्तक शाळकरी मुलांना द्यावं का? आणि खलनायकाला मध्यभागी ठेवणारं आणखी काय वाचावं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दहा-बारा वर्षांच्या मुलांना देऊ नये. पांढऱ्या चेहऱ्याचं चित्र पाहून हे मुलांचं पुस्तक वाटतं, पण आत एका तरुणीवरचा अत्याचार आणि एका बापाची विटंबना आहे. त्यावरच्या ॲनिमेशनपटालाही अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्या मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा. पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलांनी वाचायला हरकत नाही. मात्र आई-वडिलांपैकी कुणीतरी स्वतः आधी वाचावं आणि नंतर मुलाशी बार्बराबद्दल बोलावं.

मोठ्यांसाठी, ब्रायन अझारेलो आणि ली बर्मेहो यांचं २००८मधलं ‘जोकर’ सुचवतो. आर्कममधून सुटलेल्या जोकरला आणायला जॉनी फ्रॉस्ट नावाचा एक किरकोळ गुंड जातो आणि सगळी गोष्ट तोच सांगतो. इथे जोकरला भूतकाळ अजिबात नाही. आपण त्याला एका भारावलेल्या माणसाच्या नजरेतून पाहतो, आणि भारावणं हळूहळू भीतीत कसं बदलतं हाच त्याचा विषय आहे. बर्मेहो यांची चित्रं इतकी खरीखुरी की बॅटमनचं गॉथम शहर एखाद्या ओळखीच्या शहराच्या मागच्या गल्लीसारखं वाटतं. याच दोघांचं ‘लेक्स लूथर : मॅन ऑफ स्टील’ (२००५) सुपरमॅनच्या शत्रूच्या बाजूने लिहिलेलं आहे. आकाशातून आलेल्या सर्वशक्तिमान परक्यावर माणसांनी विसंबावं का, हा लूथरचा सवाल त्यात इतक्या गंभीरपणे येतो की काही पानं त्याचंच पटत राहतं.

‘जोकर’ ‘द किलिंग जोक’पेक्षा अधिक अंधारं आहे, कारण त्यात गॉर्डनसारखं कुणीच नाही. म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘द किलिंग जोक’, लगेच ओरॅकलच्या कथा, आणि अझारेलो-बर्मेहो त्यानंतर.